कॅनव्हासच्या कडेचे लेखन

चित्रकार जे लिहितो त्याचे सोयीसाठी दोन भाग करता येतात. एक म्हणजे प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी, नियतकालिकासाठी किंवा व्याख्यानासाठी विचारपूर्वक सिद्ध केलेले निवेदन, ज्यात तो आपल्या कामाविषयी ठाम असतो, निदान तसे दिसणे त्याला आवश्यक वाटते. दुसरे म्हणजे काम चालू असताना, रंग वाळायची वाट पाहताना केलेली टिपणे. त्यांत आज काय जमले नाही, नवा आणलेला निळा कागदावर हिरवट कसा उतरला, कोणाचे चित्र पाहून मन अस्वस्थ झाले आणि उद्या कोणती रेघ पुसायची आहे, असे सारे एकमेकांत मिसळून येते. या दुसऱ्या प्रकारच्या लेखनाला मराठीत स्फुट म्हणण्याची रीत आहे. मान बहुधा पहिल्या प्रकाराला मिळतो. परंतु चित्र घडते कसे, हे समजून घ्यायचे असेल तर दुसऱ्याकडेच वळावे लागते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या स्फुटलेखनाने वही आणि पत्र यांच्याबरोबरीने महाजालावरही, म्हणजे इंटरनेटवर, बिऱ्हाड थाटले. ब्लॉग या नावाने ते काही काळ बहरले आणि पुढे समाजमाध्यमांच्या प्रवाहात विरत गेले. या स्थलांतरात चित्रकाराच्या हाती काय आले आणि काय निसटले, हा प्रश्न कलाविचारात व्हायला हवा तेवढा चर्चिला गेलेला नाही.

अशा लेखनाचे मोल कशात असते, हे व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराच्या एका पत्रावरून स्पष्ट होते. १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी त्याने आपल्या झोपायच्या खोलीचे चित्र रंगवले आणि त्याच सुमारास धाकटा भाऊ थिओ याला पत्र लिहून, सोबत छोटे रेखाटन काढून, चित्रातल्या रंगांची तपशीलवार हकिगत कळवली: भिंती फिकट जांभळ्या, जमिनीच्या फरशा लाल, पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्याच्या पिवळ्या, पांघरूण लालभडक, खिडकी हिरवी. आज ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात हे चित्र पाहणाऱ्याला भिंती निळ्या दिसतात. जांभळी छटा साधण्यासाठी निळ्यात मिसळलेले लाल रंगद्रव्य उजेडाने हळूहळू उडून गेले आणि निळा तेवढा मागे राहिला. रंगद्रव्यांच्या आधुनिक तपासणीने याला दुजोरा दिला, पण भिंती मुळात कोणत्या रंगाच्या होत्या हे त्या पत्राने आधीच नोंदवून ठेवले होते. चित्रकाराने छापण्याचा कोणताही विचार मनात न आणता भावाला जे सहज कळवले, ते आज त्या चित्राच्या मूळ रूपाचा पुरावा ठरले आहे. कॅनव्हासला जे राखता आले नाही ते कागदावरच्या काही ओळींनी राखले.

प्रत्येक चित्रकाराला पत्र लिहिण्याजोगा भाऊ असतोच असे नाही, आणि बरेच जण स्वतःलाच लिहितात. फ्रेंच चित्रकार यूजीन दलाक्रवा याने १८२२ साली रोजनिशी सुरू केली, दोन वर्षांनी सोडली, आणि १८४७ साली पुन्हा हाती घेऊन १८६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवली. मधल्या १८४८ सालची वही भाड्याच्या घोडागाडीत राहून गेली, ती कायमची. या रोजनिशीत रंगमिश्रणाच्या कृती, मोझार्टच्या संगीताविषयीची मते, जेवणावळींचा कंटाळा आणि चित्र केव्हा थांबवावे याची चिंता शेजारी शेजारी नांदतात. महाराष्ट्रात याचे सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे आहे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या आणि विणकर सेवा केंद्रात काम केलेल्या बरव्यांनी वर्षानुवर्षे वह्यांमध्ये शब्द आणि रेखाटने एकत्र लिहिली-काढली. वस्तू, तिची सावली, तिच्याभोवतीचा अवकाश आणि रिकामेपण यांचा जो शोध त्यांच्या एनॅमल रंगांतील चित्रांमध्ये दिसतो, तो या वह्यांत आधी शब्दांनी चाचपलेला आढळतो. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत चित्रकाराने आपल्या विचारप्रक्रियेविषयी केलेल्या लेखनात फार वरच्या जागी ठेवावे लागते. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा चित्रांच्या जोडीने वह्यांची पानेही प्रेक्षकांसमोर आली, आणि चित्राकडून पानाकडे व पानाकडून पुन्हा चित्राकडे असे वाचन शक्य झाले.

ब्लॉगची घडण या पार्श्वभूमीवर पाहिली तर तो चित्रकारांच्या इतक्या अंगवळणी का पडला, हे उमगते. महाजालावर स्वतःची पाने लिहिण्याचा प्रघात १९९४ च्या आसपास सुरू झाला होता. पाहिलेल्या पानांची दररोज नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळासाठी वेबलॉग हा शब्द जॉर्न बार्गर या अमेरिकी लेखकाने १९९७ च्या डिसेंबरात वापरला. १९९९ साली ब्लॉगर आणि लाइव्हजर्नल या सेवा, तर २००३ साली वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर उपलब्ध झाल्यावर, संगणकाची भाषा न जाणणाऱ्यालाही केवळ लिहून आणि एक कळ दाबून प्रकाशक होता येऊ लागले. ब्लॉगची तांत्रिक वैशिष्ट्ये मोजकीच होती, पण ती चित्रकाराच्या कामाला नेमकी जुळणारी होती. प्रत्येक नोंदीवर तारीख असे आणि ताजी नोंद सर्वांत वर येत असे. प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता, म्हणजे पर्मालिंक, मिळत असे, त्यामुळे सहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या टिपणाकडे आजही बोट दाखवता येई. नोंदीच्या खाली वाचकाला प्रतिसाद लिहिता येई. आणि आरएसएस नावाच्या साध्या व्यवस्थेने नवी नोंद आल्याची वर्दी वाचकाला आपोआप पोचत असे. वाचक स्वतःच्या इच्छेने येई, त्याला ओढून आणण्याचे काम कोणतीही मधली यंत्रणा करीत नसे. रोजनिशीचे कालक्रमाचे बंधन, पत्राची आपुलकी आणि छापील स्तंभाची पोच, अशा तीन वेगळ्या परंपरा ब्लॉगमध्ये एकत्र आल्या.

याखेरीज एक गोष्ट अशी मिळाली की जी आधीच्या कोणत्याही साधनाने दिली नव्हती. वही खासगी असते, म्हणून तिच्यात अपुरेपणा चालतो. छापील लेख सार्वजनिक असतो, म्हणून त्यात अपुरेपणा चालत नाही. ब्लॉग हे असे पहिले सार्वजनिक स्थान होते की जिथे अपुरे असण्याची मुभा होती. चित्रकाराने अर्धवट रंगवलेला कागद स्कॅन करून टाकावा, डावीकडचे झाड खटकते आहे पण का ते कळत नाही असे लिहावे, आणि दुसऱ्या दिवशी कोणा अनोळखी माणसाने झाड नव्हे, झाडामागचे आभाळ जड झाले आहे असे सुचवावे, हा व्यवहार कलादालनात घडणे शक्य नव्हते आणि वहीतही शक्य नव्हते. तो कलाशाळेच्या वर्गात घडत असे, परंतु वर्गातून बाहेर पडलेल्या, लहान गावी एकट्याने काम करणाऱ्या चित्रकाराला तो उरलेला नसे. माध्यमाच्या मर्यादा अर्थातच होत्या. जलरंगाचा अगदी फिकट हात स्कॅनरच्या उजेडात नाहीसा होई, तैलरंगाच्या जाड थरावर कॅमेऱ्याचा फ्लॅश चमके, आणि एकाच चित्राचा तपकिरी वेगवेगळ्या पडद्यांवर वेगवेगळा दिसे. म्हणून मजकुराला महत्त्व आले: पडदा जे दाखवू शकत नव्हता ते चित्रकाराला शब्दांत सांगावे लागत होते.

हे कसे घडत असे ते अमेरिकी चित्रकार जेम्स गर्नी यांच्या उदाहरणावरून अधिक जवळून पाहता येते. माणसे आणि डायनोसॉर एकत्र राहतात अशा काल्पनिक बेटाची ‘डायनोटोपिया’ (१९९२) ही सचित्र कथा त्यांनी रचली होती. २००७ साली त्यांनी ब्लॉग सुरू केला आणि पुढे अनेक वर्षे जवळजवळ दररोज एक नोंद लिहिली: कधी ढगांच्या कडांविषयी, कधी जुन्या चित्रकारांच्या पॅलेटविषयी, कधी रस्त्याच्या कडेला उभे राहून काढलेल्या चित्राविषयी. त्यांपैकी एक विषय रंगांच्या मर्यादित निवडीचा होता. सर्व रंग क्रमाने मांडलेले एक वर्तुळ, म्हणजे रंगचक्र, घ्यायचे. त्याच्या मध्यभागी करडा आणि कडेला सर्वांत तेजस्वी रंग असतात. मग जाड कागदात त्रिकोणी खिडकी कापून तो कागद चक्रावर ठेवायचा आणि खिडकीतून जेवढे रंग दिसतील तेवढ्यांतच चित्र करायचे. गंमत अशी की त्रिकोण नारिंगीच्या बाजूला सरकवला तर चक्राच्या मध्यावरचा साधा करडा त्या मर्यादित कुटुंबात निळा भासू लागतो, कारण डोळा रंगाचे मोजमाप शेजाऱ्यावरून करतो. चित्रात प्रत्यक्ष निळा नसतानाही संध्याकाळच्या सावल्या निळसर दिसतात. चित्रपटांसाठी काम करणारे किंवा दृश्यचित्रे काढणारे अनुभवी चित्रकार हे अंदाजाने करीतच असत. गर्नी यांनी ते उलगडून, आकृत्या काढून, टप्प्याटप्प्याने लिहिले आणि वाचकांनी ते स्वतःच्या टेबलावर करून पाहिले. प्रतिसादांतून शंका आल्या, संगणकावर चालणारी साधने तयार झाली, आणि क्रिता या मुक्त चित्रकला-सॉफ्टवेअरमध्ये रंगचक्रावर असा मुखवटा ठेवण्याची सोयही आली. ब्लॉगवरील नोंदींतून घडलेली ‘इमॅजिनेटिव्ह रिॲलिझम’ (२००९) आणि ‘कलर अँड लाइट’ (२०१०) ही त्यांची दोन पुस्तके आज अनेक कलाविद्यार्थ्यांच्या संग्रही असतात. ती अध्यापनासाठी आखून लिहिलेली पाठ्यपुस्तके असती तर त्यांत सूत्रबद्धता अधिक आली असती, पण वाचकांच्या शेकडो लहान शंकांनी त्यांना जो प्रत्यक्षतेचा गुण दिला तो आला नसता.

मराठीत या माध्यमाची वाट जरा वेगळी होती. मराठी माणसे महाजालावर लवकर आली. परदेशी गेलेल्या तरुणांनी सुरू केलेले मायबोली हे संकेतस्थळ १९९६ सालचे आहे. परंतु प्रारंभीच्या काळात देवनागरीसाठी प्रत्येक संकेतस्थळाचा फाँट निराळा असे, आणि तो फाँट वाचकाच्या संगणकावर नसेल तर लेखाऐवजी रोमन अक्षरांचा अर्थहीन कचरा दिसे. सर्व लिपींना एकाच पद्धतीने क्रमांक देणारी युनिकोड ही व्यवस्था संगणकांवर रुळल्यानंतर आणि रोमन कळफलकावरून देवनागरी उमटवणारी गमभनसारखी साधने आल्यानंतरच मराठी ब्लॉगलेखन मोकळे झाले. लघुनिबंधाची आणि ललित गद्याची जी परंपरा ना. सी. फडके, अनंत काणेकर यांच्यापासून चालत आली होती तिला हा आटोपशीर, तारखेचा, एकटाकी आकार परका वाटला नाही. प्रवास, पुस्तके, पाककृती, कविता, आठवणी यांवर पुष्कळ लिहिले गेले. त्या मानाने चित्रकारांचे मराठी लेखन विरळ राहिले, ही खंत नोंदवावी लागते.

या विरळपणाची कारणे ब्लॉगच्या आधीची आहेत. ‘पोत’ हा ग्रंथ लिहिणारे द. ग. गोडसे, नागपूरचे भाऊ समर्थ, किंवा ‘चिन्ह’सारख्या केवळ चित्रकलेला वाहिलेल्या नियतकालिकात लिहिणारे चित्रकार ही मराठीतील ठळक नावे खरी, परंतु एकंदर व्यवहारात चित्रकाराला मराठी वाचक भेटे तो बहुधा दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर किंवा कथेच्या शेजारच्या रेखाटनात, लिहायला बोलावणे संपादकाच्या मर्जीवर अवलंबून असे. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या कलादालनांचा व्यवहार प्रामुख्याने इंग्रजीत चालत आला आहे. सांगली, कोल्हापूर, सावंतवाडी, नांदेड अशा ठिकाणांहून येणारा विद्यार्थी रंगाचा विचार आमसुली, पारवा, अबोली, मोरपंखी, डाळिंबी अशा घरातल्या लुगड्यांवरून आणि फुलाफळांवरून आलेल्या शब्दांत करीत असतो, आणि प्रदर्शनाच्या वेळी मात्र त्याला आपल्या कामाविषयी एक असे इंग्रजी निवेदन जोडावे लागते, जे पुष्कळदा दुसऱ्याच कोणीतरी लिहून दिलेले असते. अशा चित्रकाराला संपादकाची वाट न पाहता, दालनाची भाषा न बोलता, स्वतःच्या शब्दांत लिहायची जागा ब्लॉगने प्रथमच उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती वापरली त्यांचे लेखन कलाशिक्षणाच्या दृष्टीने मोलाचे आहे. अनेकांनी ती वापरण्याआधीच वाऱ्याची दिशा बदलली, हे मराठी कलाविचाराचे खरे नुकसान होय.

ही दिशा बदलण्याचा काळ साधारणपणे २०१० ते २०१६ हा धरता येतो. २०१० च्या ऑक्टोबरात इन्स्टाग्राम सुरू झाले. २०१३ च्या जुलैत गूगलने रीडर ही आरएसएस वाचण्याची सेवा बंद केली आणि अनेक वाचकांची ब्लॉगकडे जायची रोजची वाट मोडली. इन्स्टाग्रामवरही आरंभी ताजे चित्र वर, जुने खाली असाच क्रम होता. २०१६ साली तो बदलून, कोणाला काय दाखवायचे हे अल्गोरिदमवर, म्हणजे वाचकाच्या सवयींचा हिशेब मांडून पुढची निवड करणाऱ्या संगणकीय नियमावलीवर, सोपवण्यात आले. वरवर पाहता हा तांत्रिक फेरबदल होता. परंतु स्फुटलेखनाचा प्राण असलेली तारीखच त्याने अप्रस्तुत केली. सोमवारी खटकलेले झाड आणि गुरुवारी सुधारलेले आभाळ ही दोन टिपणे आता एकाच वाचकासमोर त्याच क्रमाने येतील याची हमी उरली नाही, त्यामुळे अपुरे काहीही मांडणे धोक्याचे झाले. जे पान दुसऱ्या पानाच्या आधाराने उभे राहत होते ते एकेकटे पडले, आणि एकेकट्या चित्राने पहिल्या क्षणातच स्वतःला सिद्ध करावे, अशी अपेक्षा निर्माण झाली.

२०२१ साली इन्स्टाग्रामच्या प्रमुखांनी, आपले ॲप आता केवळ छायाचित्रे दाखवण्याचे राहिलेले नाही, असे जाहीरपणे सांगितले. तेव्हापासून चित्रकारांवर चलचित्रांचा, म्हणजे रीलचा, दबाव वाढत गेला. चित्र घडतानाचे चित्रीकरण वेगाने पळवून मिनिटाभरात दाखवणारी रील पाहायला मोहक असते आणि तिच्यातून हाताची सफाई शिकता येते, हे मान्य करायला हवे. तरीही अशा रीलची बारकाईने पाहणी केली तर एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्यक्ष कामात चित्रकार बराच वेळ काहीच करीत नाही. तो मागे सरकून पाहतो, कुंचला धुतो, पुन्हा पाहतो, एक छटा कागदाच्या तुकड्यावर लावून बघतो आणि टाकून देतो. वेग वाढवताना किंवा संकलन करताना हाच भाग आधी गळतो, कारण त्यात हालचाल नसते. ब्लॉगच्या नोंदीत याच थांबण्याला सर्वाधिक जागा मिळत असे. ‘येथे अडलो’ हे वाक्य लिहिल्यावर पुढचे दोन परिच्छेद त्या अडण्याचेच असत. रील प्रक्रियेचे दर्शन घडवते असे म्हटले जाते, परंतु निर्णयाचा क्षण वगळून उरते ती प्रक्रियेची केवळ हालचाल असते, आणि नवशिक्या चित्रकाराच्या मनात, इतरांना अडखळावे लागत नाही, असा निराश करणारा समज ती रुजवते. कला शिकवणाऱ्यांनी या परिणामाची गंभीरपणे दखल घ्यायला हवी.

चित्र त्याच्या शेजारच्या चित्रांपासून तुटले की त्याचा अर्थही कसा बदलतो, याचे एक बोलके उदाहरण महाजालाच्या संस्कृतीतच आहे. के. सी. ग्रीन या अमेरिकी व्यंगचित्रकाराने २०१३ च्या जानेवारीत ‘गनशो’ या आपल्या जालचित्रमालिकेत सहा चौकटींची एक चित्रकथा प्रसिद्ध केली. पहिल्या दोन चौकटींत आग लागलेल्या खोलीत टोपी घातलेला कुत्रा टेबलाशी कॉफी घेऊन बसला आहे आणि सारे ठीक आहे असे म्हणतो आहे. या दोन चौकटी लोकांनी कापून घेतल्या आणि हातोहात जगभर पसरवल्या. एकमेकांची नक्कल करीत, संदर्भ बदलत फिरणाऱ्या अशा चित्राला मीम म्हणतात. उरलेल्या चार चौकटींत ज्वाळा कुत्र्यापर्यंत पोचतात आणि शेवटी त्याचा चेहरा वितळून जातो, हे पसरवणाऱ्यांपैकी पुष्कळांना माहीतही नसावे. मूळ कथेत स्वतःची समजूत घालण्याचा परिणाम दाखवलेला आहे. कापलेल्या तुकड्यात केवळ समजूत उरते. २०१६ साली एका अमेरिकी राजकीय पक्षाने प्रतिस्पर्ध्यांना हिणवण्यासाठी तो तुकडा वापरला तेव्हा ग्रीन यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली, आणि त्याच वर्षी कुत्रा अखेर जागा होऊन आग विझवू लागतो अशी नवी चित्रकथा रचली. लोकांनी चित्र उचलावे, वापरावे, त्यात भर घालावी, हा महाजालाचा उदार गुण आहे. ओवी आणि लावणीही अशाच तोंडातोंडी वाढल्या. परंतु ज्या काळात मूळ पान एका टिचकीवर दाखवता येणे तांत्रिकदृष्ट्या पूर्ण शक्य आहे त्या काळात चित्रकाराचे नाव आणि चित्राचा पत्ता गळू देणे, ही टाळता येण्याजोगी बेपर्वाई आहे.

२०२२ नंतर या तुटलेपणाला आणखी एक बाजू आली. वर्णन लिहिताच चित्र तयार करणारी यंत्रप्रणाली घडवण्यासाठी चित्र आणि त्याचे वर्णन अशा जोड्यांचे प्रचंड संच लागतात. त्यांपैकी लेऑन-५बी या संचात सुमारे ५८५ कोटी जोड्या असून त्या महाजालावरील पाने यंत्राने चाळून गोळा केल्या गेल्या. यांतील वर्णने पुष्कळदा पर्यायी मजकुराची, म्हणजे अंध वाचकांना चित्रात काय आहे ते कळावे म्हणून चित्रामागे लिहून ठेवलेल्या ओळींची, होती. ज्या लेखकांनी आणि चित्रकारांनी न पाहू शकणाऱ्या माणसाची आठवण ठेवून ती टिपणे जोडली, त्यांच्या त्या सौजन्याचे विनापरवाना कच्च्या मालात रूपांतर झाले, ही वेदना साधी नाही. २०२२ च्या डिसेंबरात आर्टस्टेशन या संकेतस्थळावर असंख्य चित्रकारांनी एकच निषेधचित्र लावून आपला विरोध नोंदवला, आणि पुष्कळांनी आपले काम महाजालावरून काढूनही घेतले. हा निर्णय समजण्यासारखा असला तरी त्यात नुकसान पुन्हा शिकणाऱ्याचेच होते. शिवाय तयार चित्र काही क्षणांत मिळू लागल्यावर चित्र कोणत्या कारणांनी असे झाले याची तारीखवार नोंद अधिकच महत्त्वाची ठरते, कारण कर्तृत्वाचा वाद उत्पन्न झाला तर क्रमाने वाढत गेलेली रेखाटने आणि त्यांच्यासोबतचा मजकूर हाच चित्रकाराच्या हाती असलेला सर्वांत विश्वसनीय आधार असतो.

मात्र हा आधार टिकवणार कोण, हा प्रश्न उरतोच. थिओच्या मृत्यूनंतर व्हिन्सेंटच्या पत्रांचा गठ्ठा थिओची पत्नी जोहाना हिच्याकडे आला आणि तिने तो सांभाळून, लावून, १९१४ साली प्रसिद्ध केला. गठ्ठा उघडायला तिला कोणाची परवानगी लागली नाही. ब्लॉगचे तसे नसते. स्वतःच्या नावाच्या पत्त्यासाठी ठरावीक मुदतीने शुल्क भरावे लागते, पासवर्ड लेखकाबरोबरच जाऊ शकतो, आणि फुकट सेवा देणारी कंपनी केव्हाही दुकान बंद करू शकते. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेवर लक्षावधी लोकांनी आपापली पाने सजवली होती. याहूने २००९ च्या ऑक्टोबरात ती बंद केली तेव्हा आर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या गटाने धावपळ करून त्यातील मोठा भाग वाचवला. त्या साठ्याचा अभ्यास ओल्या ल्यालिना आणि ड्रागान एस्पेनशीड या दोन कलावंतांनी हाती घेतला आणि हौशी माणसांनी घडवलेली ती झगमगती पाने म्हणजे एका लोककलेचा ऐवज आहे, हे आपल्या कामातून दाखवून दिले. संग्रहालयांना जे सुचले नव्हते ते कलावंतांना सुचले, याची नोंद घ्यायला हवी.

ब्रिटनमध्ये २०१३ पासून तेथील संकेतस्थळांच्या प्रती जतन करण्याचा कायदेशीर अधिकार ठेव-ग्रंथालयांना, म्हणजे प्रकाशनांच्या प्रती कायद्याने जिथे ठेवल्या जातात त्या ग्रंथालयांना, मिळालेला आहे. भारतात १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ग्रंथालयांकडे पाठवावी लागते आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्यात आली. पण चित्रकाराच्या ब्लॉगला त्या कायद्यात स्थान नाही. ते मिळेपर्यंत इंटरनेट आर्काइव्ह या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या संग्रहात कोणीही वाचक कोणत्याही पानाचा पत्ता देऊन त्याची प्रत ठेवू शकतो, आणि मराठी कलाविषयक लेखनासाठी हे काम कलाशाळांनी आणि साहित्यसंस्थांनी आजच अंगावर घेण्याजोगे आहे. युनिकोडपूर्व काळातील मराठी पानांबाबत तर केवळ पान उतरवून घेणे पुरेसे होणार नाही. ज्या फाँटमध्ये ते लिहिले गेले तो फाँट किंवा युनिकोडमध्ये केलेले त्याचे रूपांतर जोडीने ठेवावे लागेल, नाही तर प्रत शाबूत असेल, चित्रे दिसतील आणि त्यांच्याखाली चित्रकाराने काय लिहिले होते ते मात्र कोणालाही वाचता येणार नाही.